कलश की गुंडी?

20 ऑगस्ट 1950 रोजी कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या पश्चिमेला समुद्रालगत असलेल्या पॅसिफिक पॅलिसेड्स भागात, एका छोट्या तळ्याकाठी परमहंस योगानंदांनी ‘गांधी जागतिक शांती स्मारक’ खुलं केलं. चीनमधली हजारेक वर्षं जुनी दगडी पेटी, तिच्यात पितळ-चांदीची मंजूषा, आणि मंजूषेत महात्मा गांधींच्या अस्थींचा अंश. हे स्मारक आजही आहे. भोवती कमळं, हंस, एक जुनी पवनचक्की, आणि दगडी बाकांवर डोळे मिटून बसलेली माणसं.

मला या हकिकतीतला एकच तपशील सोडत नाही. या अस्थी तिथे गेल्या पुण्यातून. डॉ. व्ही. एम. नवले नावाचे पुण्याचे एक प्रकाशक-पत्रकार योगानंदांचे जुने स्नेही होते, त्यांनी त्या पाठवल्या. पुण्यातून अमेरिकेला बाकरवडीपासून इंजिनिअरांपर्यंत बरंच काही गेलं, त्या यादीत हेही आहे, हे पुण्यात फारसं कुणाला ठाऊक नाही. मला कळलं तेव्हा पहिल्यांदा अभिमान वाटला, आणि पाठोपाठ आजीच्या आवाजात एक प्रश्न: अहो, पण अस्थी अशा पाठवायच्या असतात का?

आपल्याकडे तिसऱ्या दिवशी राख सावडतात. अस्थी फडक्यात बांधतात, घरात आणत नाहीत, झाडाच्या फांदीला टांगून ठेवतात आणि नदीवर जाणारा माणूस निघाला की त्याच्याबरोबर देतात. वाहत्या पाण्याला मिळाल्या की विषय संपतो. उरतो तो फोटो, चंदनाचा हार आणि श्राद्धाची तिथी. माणसाला मोकळं करायचं असतं, धरून ठेवायचं नसतं, असा त्यातला साधा व्यवहार आहे. गांधींचं स्वतःचं मतही याहून वेगळं नव्हतं. 30 जानेवारी 1948 च्या संध्याकाळी माउंटबॅटननी सुचवलं होतं की देह रसायनं वापरून काही दिवस टिकवावा, म्हणजे देशभरच्या लोकांना दर्शन घेता येईल. गांधींचे चिटणीस प्यारेलाल यांनी सांगितलं, बापूंची याला स्पष्ट मनाई होती. दुसऱ्याच दिवशी यमुनेकाठी मुलाने, रामदास गांधींनी, अग्नी दिला. 12 फेब्रुवारीला प्रयागच्या संगमावर आणि त्याच सुमारास देशभरच्या नद्यांमध्ये अस्थी सोडल्या गेल्या.

म्हणजे विषय संपायला हवा होता. तो संपला नाही. कलश खूप होते, माणसं त्याहून खूप, आणि प्रत्येकाला वाटत होतं की चिमूटभर आपल्याकडे राहावी. 1997 साली कटकच्या एका बँकेच्या तिजोरीतून लाकडी पेटी निघाली. जवळजवळ अर्धं शतक बापू तिथे सोनंनाणं आणि खरेदीखतांच्या शेजारी पडून होते. गांधींचे पणतू तुषार गांधींनी कोर्टाची पायरी चढून ती सोडवली आणि 30 जानेवारीला संगमावर विसर्जन केलं. 2008 साली तर प्रकरण आपल्या मुंबईत आलं. दुबईतल्या एका व्यावसायिकाने घरात जपलेला कलश मणिभवन या गांधी संग्रहालयाकडे पाठवला. संग्रहालयाच्या मनात तो ठेवून लोकांना दाखवावा असं होतं, कुटुंबीयांचं म्हणणं पडलं की विसर्जन करा. शेवटी 30 जानेवारी 2008 ला गिरगाव चौपाटीसमोरच्या समुद्रात नीलमबेन पारीख यांनी त्या अस्थी सोडल्या. नीलमबेन म्हणजे हरिलालची नात. ज्या थोरल्या मुलाचं बापाशी आयुष्यभर जमलं नाही, ज्याच्या हातून अग्नी दिला गेला नाही, त्याच्या नातीच्या हातून साठ वर्षांनी हे झालं. कुणी कथेत लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच जुळवून आणलंय.

मणिभवनाच्या वादात मी पूर्णपणे कुटुंबाच्या बाजूचा आहे. काचेच्या कपाटात अस्थी ठेवून खाली पितळी पट्टी लावली की माणसं काय करणार? रांगेने येणार, वाकणार, फोन काढणार. 1946 साली एका ठिकाणी आपली मूर्ती बसवून पूजा सुरू झाल्याचं कात्रण गांधींच्या हाती आलं, तेव्हा आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकात त्यांनी त्याला निव्वळ मूर्तिपूजेचा ओंगळ प्रकार ठरवलं होतं. माझी पूजा करायची तर माझं काम करा, असा त्यांचा रोख. जिवंतपणी ज्याला देवळात बसायचं नव्हतं, त्याला मेल्यावर कपाटात बसवण्यात अर्थ नाही.

मग कॅलिफोर्नियातली ती दगडी पेटीही उघडून प्रशांत महासागरात रिकामी करावी का? इथे माझं मत डळमळतं, ते का, हे सांगायचा प्रयत्न करतो.

योगानंद ऑगस्ट 1935 मध्ये वर्ध्याला मगनवाडीत येऊन गांधींना भेटले होते. तिथे त्यांनी गांधींना क्रियायोगाची, म्हणजे ध्यानाच्या एका पद्धतीची, दीक्षा दिली. म्हणजे अस्थी गेल्या त्या अनोळखी माणसाकडे नव्हे. त्या जागेचा एक शिरस्ता आहे, शांत बसायचं. भाषण नाही, पुष्पचक्र घेऊन येणारा मंत्री नाही. जानेवारी 2025 मध्ये पॅलिसेड्सला प्रचंड आग लागली आणि आजूबाजूची हजारो घरं जळाली, तेव्हा हे तळं आणि स्मारक मोठ्या हानीवाचून वाचलं. यात चमत्कार शोधणारे शोधोत. मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की ही जागा येणाऱ्याकडून काहीतरी मागते. अर्धा तास गप्प राहणं ही लहान मागणी नाही. आपल्याकडच्या कुठल्याही कार्यक्रमात सूत्रसंचालकाकडून ती पुरी करून घेऊन दाखवा.

स्मारकाची पारख मला इथेच सापडते. अस्थी आहेत की नाहीत, संगमरवर आहे की माती, उंची किती फूट, हे सगळं मागाहून. आधी बघायचं की ही जागा आलेल्या माणसाकडून काय मागते? पुतळा काहीच मागत नाही. वर्षातून दोनदा हार मागतो, तोही महापालिकेच्या खर्चाने येतो.

यावर लगेच कुणी चैत्यभूमीचं उदाहरण देईल, आणि ते द्यायलाच हवं. दादरला 7 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. तिथल्या स्तूपात त्यांच्या अस्थी आहेत. 5 डिसेंबर 1971 ला त्यांच्या सूनबाई मीराताई आंबेडकरांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. बुद्धाच्या धातूंचे, म्हणजे अस्थींचे, आठ वाटे होऊन त्यांवर स्तूप उभे राहिले, ही परंपरा अडीच हजार वर्षांची आहे, त्यामुळे ‘अस्थी ठेवू नयेत’ हा काही सगळ्या भारताचा नियम नव्हे. 6 डिसेंबरला शिवाजी पार्कवर जा. लांब लांब रांगा, पाठीवर पिशव्या, रात्रभर रेल्वेत उभ्याने आलेली माणसं, आणि पुस्तकांचे स्टॉल. फुलांपेक्षा पुस्तकांची विक्री जास्त व्हावी अशी पुण्यतिथी मला जगात दुसरी माहीत नाही. ज्याला वाचता येत नाही असा म्हातारा नातवासाठी पुस्तक घेताना मी पाहिला आहे. त्याने दुकानदाराला विचारलं, ‘यात सगळं हाय ना?’

ती जागा मागते: शिका. आणि लोक देतात. म्हणून ती जागा त्यांची आहे, हे वेळ आली की दिसतंही. नागपूरला दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगचं काम काढलं, तेव्हा 1 जुलै 2024 ला लोक आत घुसले, तोडफोड झाली आणि सरकारला काम थांबवावं लागलं. तोडफोडीचं समर्थन मी करत नाही. पण स्तूपाला धक्का बसेल या भीतीने हजारो माणसं एका सकाळी गोळा होतात, याला काय म्हणायचं? स्मारकाला मालक आहेत, असंच ना?

आता याच्या शेजारी साबरमती ठेवा. 12 मार्च 2024 ला अहमदाबादेत साबरमती आश्रमाच्या 1,200 कोटी रुपयांच्या विकास आराखड्याचं उद्घाटन झालं. सध्याचा पाच एकरांचा परिसर 55 एकरांचा होणार, 36 जुन्या इमारतींपैकी काही जपणार, काही दुरुस्त करणार, तीन नव्याने बांधणार. परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आश्रमवासी कुटुंबांना मोबदला देऊन हलवण्यात आलं. विरोध झाला तो तुषार गांधींच्या याचिकेच्या रूपाने, काही पत्रकांच्या, काही लेखांच्या रूपाने. गुजरात उच्च न्यायालयात याचिका फेटाळली गेली, सर्वोच्च न्यायालयातही टिकली नाही. रस्त्यावर फारसं कुणी आलं नाही. गांधींचं नाव घेणारे आपण कोट्यवधी, आणि त्यांच्या आश्रमाच्या अंगणात बुलडोझर फिरणार म्हटल्यावर हळहळलेले किती, ते मोजायला दोन हातांची बोटं कमी पडणार नाहीत कदाचित. मीही घरातच होतो, हे सांगून टाकतो.

आराखड्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं मी नीट ऐकलं आहे. मूळ आश्रम 120 एकरांचा होता, मधे रस्ता आला, भोवती वस्ती वाढली, जुनी घरं पडायला आली, ती दुरुस्त करायची तर पैसा लागतोच. बरोबर आहे. पडक्या घराला भावनेने टेकू लागत नाही. पण 1930 च्या 12 मार्चला गांधी तिथून दांडीला निघाले ते स्वराज्य मिळेपर्यंत परतणार नाही असं ठरवून, आणि 1933 ला त्यांनी आश्रम विसर्जित करून ती जागा हरिजनांच्या कामासाठी देऊन टाकली. ज्याने आपली जागा मोडून कामाला दिली, त्याच्या जागेतली माणसं हलवून आपण जागा मोठी करतो आहोत. हिशेब उलटा लागला आहे. तिथेच 1963 साली चार्ल्स कोरियांनी बांधलेलं संग्रहालय आहे. सहा मीटर चौरसाच्या साध्या खोल्या, डोक्यावर कौलं, खिडक्यांना काच नाही, लाकडी पट्ट्यांच्या झडपा. वारा येतो, धूळही येते. ती इमारत ‘बघा मला’ म्हणत नाही. नवीन माणसाला सार्वजनिक पैशाने गांधींसाठी काय बांधावं असा प्रश्न पडला असेल, तर उत्तर त्या आवारातच साठ वर्षं उभं होतं.

पण महाराष्ट्राने साबरमतीकडे बोट दाखवून मोकळं व्हायचं कारण नाही. आपल्याकडे दोन जागा अशा आहेत की त्यांची तोड देशात नाही, आणि दोन्हींशी आपण काय करतो ते बघण्यासारखं आहे.

पहिली, पुण्याचा आगाखान पॅलेस. ऑगस्ट 1942 ला ‘चले जाव’च्या ठरावानंतर गांधींना इथे आणून ठेवलं, ते 6 मे 1944 पर्यंत. आल्यावर सहाव्या दिवशी, 15 ऑगस्टला, महादेवभाई देसाई गेले. बा, म्हणजे कस्तुरबा, गेल्या 22 फेब्रुवारी 1944 ला, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी. दोघांचंही दहन आवारातच झालं. 1943 च्या 21 दिवसांच्या उपवासात गांधी वाचणार नाहीत या हिशेबाने सरकारने चंदनाची लाकडं आणवून ठेवली होती. ती बांच्या चितेला लागली. बांच्या अंगावर होती ती बापूंनी कातलेल्या सुताची साडी. हे वाक्य मी अनेकदा वाचलंय आणि प्रत्येक वेळी चंदनाशी थांबत नाही, साडीशी थांबतो. सरकारने चंदन विकत आणलं होतं. साडीचं सूत नवऱ्याने स्वतः कातलं होतं.

1969 साली आगाखानांनी हा वाडा गांधींच्या स्मरणार्थ देऊन टाकला, 2003 ला तो राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक ठरला. 2010 च्या कायद्याप्रमाणे अशा स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी. म्हणून नगर रस्त्यावरून सरळ जायची होती ती मेट्रो कल्याणीनगरातून वळवावी लागली. मार्च 2024 मध्ये गाडी रामवाडीपर्यंत धावायला लागली, ती हा वळसा घेऊन. कित्येक पुणेकरांनी यावर चरफड केली आहे. मला मात्र हा वळसा आवडतो. दोन माणसांच्या समाध्यांसाठी आख्ख्या शहराची गाडी बाजूने जाते, ही गोष्ट शोभते.

फक्त एवढं वळून जपलेल्या जागेत आपण करतो काय? रविवारी सकाळी जाऊन बघा. पुढच्या हिरवळीवर नटलेली जोडपी, कमानींखाली फोटो, शाळेच्या सहली, डब्यातली थेपली आणि लिंबूभात. याची मला अजिबात तक्रार नाही. हिरवळ असते ती बसायलाच. पण वाड्याच्या मागे, झाडांच्या सावलीत, बा आणि महादेवभाईंच्या समाध्या आहेत. तुळशीवृंदावनासारख्या, ठेंगण्या, पांढऱ्या. बापूंच्या अस्थींचा अंशही या आवारात आहे. तिथे गेल्या खेपेला मी वीस मिनिटं बसलो होतो. एक चौकोनी कुटुंब आलं, मुलीने विचारलं, ‘बाबा, हे कोण?’ बाबांनी पाटी वाचली आणि म्हणाले, ‘गांधीजींचे सेक्रेटरी.’ मुलगी म्हणाली, ‘मग त्यांची समाधी इथे कशी?’ बाबांना उत्तर आलं नाही. खरं तर पुढची सगळी गोष्ट त्या प्रश्नात होती: नोकरी नव्हे, तर पंचवीस वर्षांची साथ, आणि कैदेत सहाव्या दिवशी थांबलेलं हृदय. सांगायला माणूस नव्हता. कायद्याने शंभर मीटर राखले, सांगणारा राखायची तरतूद कुठल्याच कायद्यात नाही.

दुसरी जागा सेवाग्राम. माझी मावशी वर्ध्याची, त्यामुळे बापूकुटी मी आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून बघत आलोय. गांधी 30 एप्रिल 1936 ला इथे आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव. टपाल गजानन महाराजांच्या शेगावला जायला लागलं म्हणून 1940 ला सेवाग्राम केलं. घर बांधायचं तर शंभर रुपयांच्या आत, गावाच्या आसपास मिळेल त्याच सामानात, अशी त्यांची अट होती. आदिनिवासाला, म्हणजे इथल्या पहिल्या घराला, शेवटी 499 लागले. सरकारी अंदाजपत्रक पाचपट होण्याची परंपरा इतकी जुनी आहे, असं मावशीचे यजमान म्हणायचे. ते सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झाले होते, त्यांना अधिकार होता.

बापूकुटी आधी गांधींची इंग्रज शिष्या मीराबेन हिची झोपडी. भिंतीवर तिने मातीतूनच उठवलेली ताडाची झाडं, चरखा. आत एक चटई, बसायची गादी, मागे टेकायची फळी. एका बाजूला साप धरायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा, धरलेला साप लांब नेऊन सोडायचे. जवळच्या कार्यालयात टेलिफोनची पेटी आहे, ती व्हाइसरॉय लिनलिथगोच्या सरकारनेच बसवली, या म्हाताऱ्याशी बोलायचं तर इलाज नव्हता. या सगळ्याला छप्पर कवेलूचं, म्हणजे कौलांचं, आणि भिंती बांबू-मातीच्या. विदर्भातला पाऊस ज्याने पाहिलाय त्याला कळेल, अशी भिंत चार पावसाळे नुसती सोडली तर पाचव्याला उरत नाही.

ती गेली ऐंशीहून जास्त वर्षं उभी आहे, कारण दरवर्षी कुणीतरी तिला हात लावतं. पावसाच्या आधी कवेलू उतरवून शाकारणी, फुटकी काढून नवी बसवायची. पाऊस सरला की भिंतींना लिंपण, मग जमिनीला सारवण. एकदा दिवाळीच्या सुटीत मी तिथे असताना एक बाई आश्रमातल्या एका कुटीची भिंत लिंपत होती. माती, शेण, बारीक तूस एकत्र तुडवलेलं, घमेल्यात काढलेलं. ती मूठभर गोळा घ्यायची, भिंतीवर आपटायची आणि तळहाताने वरून खाली ओढायची. बोटांच्या रेघा उमटायच्या, मग ओला हात फिरवून त्या पुसायची. दोन हात अंतर झालं की मागे सरून डोळे बारीक करून बघायची. मी शहाणपणाने विचारलं, सिमेंट का नाही करत एकदाच? तिने मान न वळवता म्हटलं, ‘मंग बापूचं काय राह्यलं बाप्पा? आन् सिमेंट फुगते, आतली माती सडते. दरसाल लावा लागते, लागते. अंगणातलं सारवण का एकदाच करते कोणी?’

वास्तुसंवर्धनावरची भली थोरली भाषणं मी ऐकली आहेत. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा दिला की ओल आत कोंडते आणि भिंत आतून मरते, हेच त्यांतही सांगतात, अर्ध्या तासात. बाईने घमेलं उचलायच्या आत सांगितलं.

मूळ वस्तू की चालता व्यवहार, यातलं काय जपायचं, याचा दाखला सेवाग्रामनेच दिलाय. 2010-11 मध्ये इथून बापूंचा चष्मा चोरीला गेला. बातम्या झाल्या, चौकशी झाली. वाईट वाटलंच. पण कुटीतून काही उणं झाल्यासारखं वाटलं नाही. त्याच्या थोडं आधी, मार्च 2009 मध्ये, न्यूयॉर्कला बापूंचा दुसरा एक चष्मा, चपला, घड्याळ, ताट-वाटी लिलावाला निघाली आणि ती 18 लाख डॉलरला घेतली विजय मल्ल्यांनी. दारूच्या पैशांतून! वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, तिथल्या एका पानवाल्याने तेव्हा मला विचारलं होतं, ‘चष्मा त घेतला, दिसते का काही त्यातून?’

आता सेवाग्रामचाही विकास आराखडा आला. वर्ध्याच्या वाटेवर भंगारातून घडवलेले गांधी-विनोबांचे उंच पुतळे उभे आहेत, एक भला मोठा चरखा आहे. विद्यार्थ्यांनी मेहनत घेतली, कलाकुसर चांगली, हे मान्य. पण त्याच रस्त्याच्या रुंदीकरणात 2020 साली जुनी झाडं पडायला लागली आणि वर्ध्यातल्या लोकांनी झाडांपाशी उभं राहून ती तोड थांबवायला लावली. तो भला मोठा चरखा बघायला गाड्या थांबतात. त्यावर सूत निघत नाही.

माझं म्हणणं पैसा खर्चू नये असं नाही. पैसा दुसरीकडे वळवावा असं आहे. नवीन पुतळा, नवीन प्रवेशद्वार, लेझरचा खेळ, यांना मराठी माणसाने पुढची वीस वर्षं ‘नको’ म्हणावं. त्याऐवजी लिंपणाचं, शाकारणीचं काम जाणणाऱ्या बायाबाप्यांना कायमची, बरी मजुरी द्यावी आणि त्यांच्या हाताखाली पोरं तयार करावीत. कवेलू करणारे कुंभार विदर्भात हाताच्या बोटांवर उरत चालले आहेत, भट्ट्या बंद पडल्या की बापूकुटीवर पत्रा येईल आणि तो ‘हेरिटेज रंगाचा’ असेल. आगाखान पॅलेसच्या मागच्या समाध्यांपाशी रोज सकाळ-संध्याकाळ एक माणूस बसावा, निवृत्त शिक्षक असेल तरी चालेल, जो ‘बाबा, हे कोण?’ला उत्तर देईल. याला कोटी लागत नाहीत. म्हणूनच बहुधा होत नाही. कोटीशिवाय फाईल हलत नाही, आणि शिक्षकाच्या खुर्चीचं उद्घाटन करायला कुणी येत नाही.

कुणी म्हणेल, मोठी स्मारकं नसतील तर नव्या पिढीला नाव तरी कसं कळणार? नोटेवर रोज हाताळतो ते नाव कळून काय झालं ते दिसतंच आहे. दिल्लीला राजघाटावर काळ्या संगमरवराचा ओटा आहे, वर ‘हे राम’. सप्टेंबर 2023 मध्ये जी-20 ला आलेले पुढारी तिथे एका रांगेत वाकले. त्यांतल्या काहींची सैन्यं तेव्हाही दुसऱ्याच्या देशात लढत होती किंवा लढणाऱ्यांना दारूगोळा देत होती. ओट्याने कुणाकडे काही मागितलं नाही. पावसाचे थेंब पडत होते, जोडे काढले होते, फोटो चांगले आले.

आणि तरीही गांधींच्या अस्थींसमोर काही मागणारी एक रीत आपल्याकडे आहे. वर्ध्याहून सेवाग्राम एका बाजूला, तर पवनार दुसऱ्या. तिथे धाम नदीत बापूंच्या अस्थी सोडल्या, वरच्या टेकाडावर विनोबांचा आश्रम. दर 12 फेब्रुवारीला तिथे सर्वोदय मेळा भरतो. विनोबांनी तेव्हा सांगितलं, हार-फुलं नकोत, वर्षातून एकदा स्वतः कातलेल्या सुताची एक गुंडी आणून द्या. सूतांजली. गुंडी म्हणजे शर्टाची नव्हे, 640 तारांची लडी. पैसे देऊन ती मिळवता येत नाही, म्हणजे येते, पण मग ती तुमची नसते. मंत्र्याला आणि मजुराला सारखाच वेळ लागतो, मंत्र्याला थोडा जास्तच. मावशी मला न्यायची तेव्हा मेळ्यात शेंगदाण्याचे लाडू आणि नदीतले खडक एवढ्याशीच माझा संबंध होता. पण ढीग आठवतो. पांढऱ्या, पिवळट, जाड्याभरड्या, कुणाच्या बारीक रेशमासारख्या, कुणाच्या गाठीच गाठी. एकावर एक रचलेल्या, वर नावाच्या चिठ्ठ्या.

ढीग आता लहान झालाय. कातणारे म्हातारे झाले. यावर काय उपाय, ते मला माहीत नाही, सरकारला तर नाहीच. मी गेल्या दिवाळीत पेटीचरखा घेतला, तो दुमडून पुस्तकासारखा बंद होतो, येरवडा तुरुंगात असताना गांधींनीच त्याची घडण बसवली म्हणून त्याला येरवडा चरखा म्हणतात. आगाखान पॅलेसपासून तो तुरुंग रिक्षाने दहा मिनिटं. पहिले पंधरा दिवस पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळकटी, हातात आणि तार जमिनीवर. डावा हात ओढतो, उजवा चाक फिरवतो, आणि चातीवर, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या सळईवर, पीळ जरा जास्त झाला की तुटतं. मग जोडायचं. बायको म्हणाली, तुझा राग चरख्याला लगेच कळतो. सूत फाळक्यावर गुंडाळून मोजून ठेवतो. काल रात्रीपर्यंत 212 तार झाले, त्यांत गाठी फार आहेत.